लोकमान्य टिळक : कायद्याचे विद्यार्थी, कायद्याचे अध्यापक

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे चरित्र ज्या घरात माहीत नाही असे मराठी घर विरळाच. केसरीकार टिळक, गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देणारे टिळक, मंडालेचे बंदिवान टिळक, गीतारहस्यकार टिळक ही त्यांची रूपे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु टिळक हे कायद्याचे पदवीधर होते, काही वर्षे त्यांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालविला, आणि त्या वर्गाच्या उत्पन्नावर आपला प्रपंच उभा केला, ही गोष्ट सहसा कोणी विस्ताराने सांगत नाही. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राची हीच बाजू वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

याला आणखी एक कारण आहे. माझे सारे आयुष्य कारकुनीत गेले. सभांची इतिवृत्ते लिहिणे, आलेल्या अर्जांची आवक-जावक नोंदणे, टिपणे वरिष्ठांपुढे ठेवणे हाच नित्याचा व्यवसाय. सभेत आलेल्या एका लहानशा चिठ्ठीला वेळीच उत्तर न दिल्याने केवढा अनर्थ ओढवतो, हे मी लहान प्रमाणावर पुष्कळदा पाहिले आहे. मोठ्या प्रमाणावर तो प्रसंग १९०७ च्या डिसेंबरात सुरत शहरी घडला, आणि ती चिठ्ठी पाठविणारे गृहस्थ होते लोकमान्य टिळक. त्या घटनेचा अर्थ नीट कळण्यासाठी टिळकांमधील कायद्याचा विद्यार्थी आणि अध्यापक आधी समजून घ्यावा लागतो.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक. संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांत त्यांचा अधिकार मोठा होता, आणि मुलाच्या बुद्धीला पहिले वळण त्यांनीच लावले. पुढे शिक्षणखात्यातील बदलीमुळे हे कुटुंब पुण्यास आले. टिळकांना मातृसुख फार काळ लाभले नाही. त्यांच्या वयाच्या दहाव्या वर्षी मातोश्री निवर्तल्या. १८७२ साली वडीलही गेले. त्याच वर्षी ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले होते. सोळा वर्षांचा हा पोरका मुलगा पुढील वर्षी डेक्कन कॉलेजात दाखल झाला.

डेक्कन कॉलेजची इमारत येरवड्याच्या बाजूस, नदीपलीकडे, त्या काळच्या गावगर्दीपासून दूर उभी होती. विद्यार्थी तेथेच वसतिगृहात राहत. टिळकांची प्रकृती मुळात किरकोळ. शरीर धड नसेल तर विद्या काय कामाची, असा विचार करून त्यांनी पहिले वर्ष जवळजवळ सगळेच व्यायामाला वाहिले. तालीम, पोहणे, होडी वल्हविणे यांत ते रमून गेले. परिणामी त्या वर्षीची परीक्षा हातची गेली. पण जे शरीर त्यांनी तेव्हा कमावले त्यानेच पुढे तुरुंगवासाची वर्षे सोसली. एक वर्ष फुकट गेले म्हणून हळहळणाऱ्या आजच्या पालकांनी हा हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ते ज्या खोलीत राहत असत ती खोली त्या संस्थेने त्यांचे स्मारक म्हणून जतन केली आहे.

गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, यांचा या विद्यार्थ्यावर विशेष लोभ होता. गणित घेऊन टिळक पहिल्या वर्गात बी. ए. झाले. गुरूंची आणि मित्रांची अपेक्षा अशी की, त्यांनी गणितातच पुढे जावे. टिळकांनी कायदा पत्करला. देशाच्या कारभाराशी ज्याला झगडायचे आहे त्याला राज्यकर्त्यांचा कायदा त्यांच्याइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, ठाऊक असला पाहिजे, असा त्यांचा विचार होता. १८७९ साली ते एल्‌एल. बी. झाले.

याच काळात कॉलेजात त्यांची गोपाळ गणेश आगरकर यांच्याशी गाठ पडली. आगरकर एम. ए. करीत होते, टिळक कायदा वाचीत होते. रात्ररात्र या दोघांच्या चर्चा चालत. शिकून सरकारी नोकरी धरावयाची नाही, लोकांना शिकविण्यात आयुष्य घालवावयाचे, असा निश्चय या चर्चांतून पक्का झाला. पुढे समाजसुधारणेच्या प्रश्नावर याच दोन मित्रांचे हाडवैर म्हणावे इतके मतभेद झाले. तथापि, परीक्षेच्या गुणांपलीकडे विद्यार्थिदशेचे खरे फळ कोणते असते, हे त्या वसतिगृहातील रात्रींनी दाखवून दिले आहे.

एल्‌एल. बी. झालेल्या तरुणापुढे त्या काळी दोन सरळ वाटा असत. एक मुन्सफीची, दुसरी वकिलीची. आणि दोन्हीकडे मान व पैसा होता. टिळकांनी दोन्ही सोडल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सरकारी नोकरीचा त्याग केला होता. त्यांच्याबरोबर टिळकांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८१ च्या आरंभी केसरी आणि मराठा ही पत्रे निघाली. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. तेथे टिळक गणित आणि संस्कृत शिकवीत. फळ्यावर पायरी पायरी न मांडता उदाहरण तोंडीच सोडवून दाखविण्याची त्यांची रीत हुशार विद्यार्थ्यांना आवडे आणि इतरांची मात्र तारांबळ उडे.

कायद्याचा पहिला प्रत्यक्ष धडा त्यांना वर्गात मिळाला नाही, आरोपीच्या पिंजऱ्यात मिळाला. कोल्हापूर संस्थानचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्ध प्रसिद्ध केलेल्या मजकुराबद्दल टिळक आणि आगरकर यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला झाला, आणि १८८२ साली दोघांना चार महिन्यांची साधी कैद मिळाली. ज्या पत्रांवर त्यांनी विश्वास ठेवला होता ती बनावट ठरली. पुराव्याची पारख न करता लिहिणे किती महागात पडते, हे एल्‌एल. बी. झालेल्या संपादकाला डोंगरीच्या तुरुंगात कळून आले. एकशे एक दिवस भोगून दोघे सुटले तेव्हा त्यांचे स्वागत मोठ्या थाटाने झाले; परंतु यापुढे टिळकांच्या लेखणीने पुराव्याची बाजू कधी ढिली पडू दिली नाही.

सोसायटीतील सहकाऱ्यांशी मतभेद विकोपास गेले आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. आता संसार कशावर चालवावयाचा हा प्रश्न उभा राहिला. वर्तमानपत्रांवर कर्जाचा बोजा होता. लातूरला भागीदारीत काढलेला कापूस पिंजण्याचा कारखाना हे एक साधन होते. दुसरे साधन म्हणजे पुण्यातील कायद्याचा वर्ग, ज्याला सारे लॉ क्लास म्हणत.

या वर्गाचे महत्त्व कळण्यासाठी तेव्हाची परिस्थिती पाहिली पाहिजे. मुंबई इलाख्यात कायद्याचे शिक्षण देणारी मुख्य संस्था म्हणजे मुंबईचे सरकारी लॉ स्कूल. ते १८५५ साली स्थापन झाले. पदवी घेऊन एल्‌एल. बी. होणे सर्वांच्या आवाक्यातील नव्हते. मुंबईचा राहण्याजेवणाचा खर्च न झेपणारी, घरचा भार शिरावर असलेली पुष्कळ तरुण मंडळी जिल्हा न्यायालयाच्या किंवा हायकोर्टाच्या वकिलीची परीक्षा देऊन पोटाला लागू पाहत. पण या परीक्षांचा अभ्यास पद्धतशीर शिकविणारा वर्ग इलाख्यात नव्हता. ती उणीव टिळकांच्या वर्गाने भरून काढली. खाजगी रीतीने चालविलेला असा हा इलाख्यातील पहिलाच वर्ग समजला जातो.

टिळकांचे बिऱ्हाड पुढे पुण्यातील विंचूरकर वाड्यात होते. त्या वाड्यात विद्यार्थी, केसरीची मंडळी, गावोगावचे तक्रारदार आणि विद्वान पाहुणे यांची वर्दळ असे. कायद्याच्या विद्यार्थ्याला अशा घरात कलमांचे पाठांतर तर मिळेच, पण कलमे प्रत्यक्ष माणसांच्या आयुष्यात कशी उतरतात तेही दिसे. क्रॉफर्ड प्रकरण हे याचे ठळक उदाहरण. आर्थर क्रॉफर्ड या बड्या अंमलदाराच्या लाचखोरीची चौकशी १८८८ मध्ये झाली. आपण पैसे दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभयवचन दिले होते. पुढे त्याच मामलेदारांवर गंडांतर आले. लाच देणाऱ्यांची कड घेण्याची वेळ आली तरी टिळक डगमगले नाहीत. वचन देऊन साक्ष घ्यावयाची आणि काम होताच वचन मोडावयाचे हे न्यायाला धरून नाही, असा त्यांचा आग्रह होता. माणूस आपल्या पसंतीचा आहे की नाही हे न पाहता त्याच्या हक्काकडे पाहणे, ही कायद्याची खरी शिकवण त्यांच्या अंगी मुरली होती.

वर्गाचा व्याप वाढला, केसरी आणि मराठा यांचा भार वाढला, तेव्हा मदतीला म्हणून त्यांनी १८९६ साली साताऱ्याहून एक तरुण वकील बोलावून घेतला. ते नरसिंह चिंतामण केळकर. आले लॉ क्लासच्या कामाला, आणि होऊन बसले केसरीचे संपादक, टिळकांचे उजवे हात आणि अखेरीस त्यांचे चरित्रकार.

अध्यापन करीत असताना टिळकांचे संशोधनही थांबले नव्हते. वेदांचा काळ ज्योतिषाच्या आधारे ठरविणारा त्यांचा ओरायन हा ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे असावे असे मांडणारा ग्रंथ १९०३ मध्ये. त्यांतील सिद्धान्त आजच्या विद्वानांनी स्वीकारलेले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्या ग्रंथांची मांडणी पाहावी. वचनांची तपासणी, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण मांडणे, मग त्याचे एकेक अंग खोडणे, अशी ती मांडणी एखाद्या निष्णात वकिलाच्या युक्तिवादासारखी आहे. गणिती, मीमांसक आणि कायदेपंडित हे तिघे त्या ग्रंथांत एकत्र नांदतात.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा कहर झाला, रँडचा वध झाला, आणि केसरीतील लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. त्यांना जामीन मिळावा म्हणून बॅरिस्टर दिनशा दावर यांनी अर्ज चालविला आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. नऊ पंचांपैकी सहा युरोपियन पंचांनी त्यांना दोषी ठरविले, तीन हिंदी पंचांनी निर्दोषी. शिक्षा झाली अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची. सरकारविषयी प्रेम नसणे म्हणजेच अप्रीती, असा त्या न्यायाधीशाने लावलेला अर्थ पुढे देशभर वादाचा विषय झाला. मॅक्स मुल्लर यांच्यासारख्या विद्वानांनी टिळकांसाठी शब्द टाकला आणि १८९८ च्या सप्टेंबरात त्यांची मुदतीपूर्वी सुटका झाली.

तुरुंगात जाण्याच्या सुमारासच त्यांच्या गळ्यात एक जबाबदारी पडली होती. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ साली वारले. मरतेसमयी त्यांनी आपल्या मृत्युपत्राचे विश्वस्त म्हणून टिळकांना नेमले होते. बाबा महाराजांच्या विधवा पत्नी ताई महाराज यांनी १९०१ साली औरंगाबादेस जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला, आणि पुढे तो दत्तक नाकारून कोल्हापूरचा दुसरा मुलगा पुढे आणला. मित्राला दिलेला शब्द म्हणून टिळक पहिल्या दत्तकाच्या पाठीशी उभे राहिले. याचे प्रायश्चित्त म्हणून की काय, खोटी साक्ष दिल्याचा आरोप त्यांच्यावरच आला, शिक्षाही झाली. १९०४ साली हायकोर्टाने ती रद्द केली. दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. पुण्यास जिंकला, १९१० मध्ये मुंबईस हरला, आणि १९१५ मध्ये विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलने टिळकांचा पक्ष कायम केला. स्वतःचा एक पैचा लाभ नसताना त्यांनी हा दावा चौदा वर्षे लढविला.

दत्तकाच्या या कायद्याचा धागा सुरत शहराशी जाऊन पोहोचतो, हे थोड्यांना माहीत असेल. नीलकंठ भट्ट या सतराव्या शतकातील पंडिताचा व्यवहारमयूख हा ग्रंथ गुजरात आणि मुंबई बेट या भागांतील हिंदू कायद्याचा प्रमुख आधार मानला जात असे. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, पुढे काशीस स्थायिक झालेले. त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर हॅरी बोराडेल या अंमलदाराने केले, आणि ते १८२७ साली सुरतेस छापले गेले. पैठणच्या वंशजाने काशीत लिहिलेला ग्रंथ सुरतेत इंग्रजीत उतरला आणि मुंबईच्या न्यायालयात प्रमाण झाला. मराठी माणसाला सुरत म्हटले की शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या तेवढ्या आठवतात. कायद्याच्या इतिहासातही तापीकाठच्या या शहराचे स्थान आहे. त्याच शहरात आता टिळकांची वेगळीच परीक्षा व्हावयाची होती.

१९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांविषयीचे ठराव केले. पुढील अधिवेशन नागपूरला ठरले होते. तेथे दोन पक्षांत तंटे माजल्यामुळे ते सुरतेस हलविण्यात आले. सुरत मुंबई इलाख्यात मोडत असल्याने, प्रथेप्रमाणे, त्याच इलाख्यातील टिळक अध्यक्ष होऊ शकत नव्हते. लाला लजपत राय नुकतेच मंडालेहून सुटून आले होते. त्यांचे नाव राष्ट्रीय पक्षाने सुचविले. नेमस्तांनी डॉ. रासबिहारी घोष यांना निवडले. कलकत्त्याचे ठराव मागे घेतले जाणार किंवा सौम्य केले जाणार, अशी शंका राष्ट्रीय पक्षाला होती, आणि ठरावांचे मसुदे वेळेवर हाती न आल्याने ती शंका बळावली.

या सभेतील प्रमुख मंडळींकडे पाहिले तर एक गोष्ट नजरेत भरते. बहुतेक सारे कधी ना कधी वर्गात उभे राहून शिकविणारे होते. रासबिहारी घोष हे तर कायद्याचे जाडे पंडित. कलकत्ता विद्यापीठात १८७५-७६ साली त्यांनी टागोर कायदा व्याख्याने दिली. गहाणाच्या कायद्यावरील त्यांचा ग्रंथ त्यातूनच झाला, आणि तो पुढे वकिलांच्या नित्य उपयोगाचा ठरला. बंगालमध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच. सुरेंद्रनाथ बॅनर्जी प्राध्यापक होते, गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये टिळकांचे सहकारी होते, अरविंद घोष बडोद्याच्या कॉलेजातून आलेले. सर फेरोजशहा मेहता बॅरिस्टर. एवढे विद्वान, एवढे कायदेपंडित एका मंडपात असताना सभा साध्या सभाशास्त्राच्या मुद्द्यावर मोडावी, हे नशिबी होते.

२६ डिसेंबर १९०७ रोजी सोळाशेच्या आसपास प्रतिनिधी जमले. स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांचे भाषण झाले. दिवाणबहादूर अंबालाल साकरलाल देसाई यांनी डॉ. घोष यांचे नाव सुचविले. सुरेंद्रनाथ अनुमोदनास उभे राहताच गोंगाट उसळला आणि सभा दुसऱ्या दिवसावर गेली. २७ तारखेस सभा पुन्हा भरण्याच्या वेळी टिळकांनी पेन्सिलीने एक चिठ्ठी लिहून माळवींकडे पाठविली. अध्यक्षांच्या निवडीचे अनुमोदन संपल्यावर मला बोलावयाचे आहे, सभा तहकूब करण्याची सूचना मांडून तडजोडीचा मार्ग सुचवावयाचा आहे, असा तिचा आशय होता.

त्या चिठ्ठीला उत्तर आले नाही. सुरेंद्रनाथांचे भाषण झाले, मोतीलाल नेहरूंनी पाठिंबा दिला, आणि डॉ. घोष निवडून आल्याचे जाहीर झाले. घोष भाषणास उभे राहिले. टिळक व्यासपीठावर चढले आणि आपला बोलण्याचा हक्क मागू लागले. निवड होऊन गेली आहे, आता ही सूचना नियमबाह्य आहे, असे त्यांना सांगण्यात आले. निवडीपूर्वीच लेखी सूचना दिली होती, हे टिळकांचे उत्तर. हाताची घडी घालून ते प्रतिनिधींकडे तोंड करून उभे राहिले आणि मागे हटले नाहीत. त्यांच्या अंगावर कोणी धावून येऊ लागले तेव्हा गोखल्यांनी स्वतः हात आडवे करून त्यांना वाचविले. ज्यांचे राजकारण परस्परविरुद्ध, त्या दोन जुन्या सहकाऱ्यांचे हे चित्र त्या दिवशीच्या साऱ्या कटुतेत मनाला दिलासा देऊन जाते.

इतक्यात मंडपातून एक दख्खनी जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथांना लागून फेरोजशहांवर आदळला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, आणि अखेर पोलिसांनी मंडप रिकामा केला. जोडा कोणी फेकला, कोणावर नेम धरला होता, यावर तेव्हापासून वाद चालत आला आहे. टिळकांनी ते कृत्य करविले असे मानावयास आधार नाही. तरी, तो जोडा ज्या संतापातून आला तो संताप त्यांच्याच पक्षात साठलेला होता, हेही नाकारता येत नाही. नियमाचा आग्रह धरणाऱ्या पुढाऱ्यालाही आपल्या अनुयायांचे हात नियमात ठेवता आले नाहीत, हे त्या दिवसाचे दुसरे दुःख.

दुसऱ्या दिवशी टिळकांनी मोतीलाल घोष यांच्या मध्यस्थीने लेखी कळविले की, मागील वर्षीच्या ठरावांना बाध येणार नसेल तर डॉ. घोष यांच्या निवडीला असलेला विरोध आपण मागे घेतो, झाले गेले विसरून सभा पुढे चालवावी. या पत्राचाही उपयोग झाला नाही. नेमस्तांनी वेगळी परिषद भरविली, आणि काँग्रेसची दोन शकले झाली.

पुढील वर्षी सरकारने केसरीतील लेखांबद्दल टिळकांना पुन्हा पकडले. खटला आला तो न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे. अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला, तेच आता न्यायासनावर होते. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. त्यांचे भाषण एकंदर एकवीस तास दहा मिनिटे चालले. मराठी लेखांची सरकारी इंग्रजी भाषांतरे चुकीची आहेत, मूळ शब्दाला जो अर्थ नाही तो भाषांतराने चिकटविला आहे, हे त्यांनी उलटतपासणीत एकेका शब्दावर बोट ठेवून दाखविले. पुण्याच्या लॉ क्लासमधील अध्यापकाचा हा शेवटचा आणि सर्वांत मोठा पाठ म्हणावा. सात पंचांनी दोषी ठरविले, दोघांनी निर्दोषी. २२ जुलै १९०८ च्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगण्यात आली.

मंडालेच्या तुरुंगात त्यांनी गीतारहस्य लिहिले, तेही पेन्सिलीनेच. तेथे असतानाच, १९१२ साली, पत्नी सत्यभामाबाई यांच्या निधनाची वार्ता त्यांना कळली. १९१४ च्या जूनमध्ये ते सुटले. १९१५ मध्ये गोखले गेले, फेरोजशहा गेले. १९१६ च्या डिसेंबरात लखनौ येथे काँग्रेसचे दोन्ही पक्ष पुन्हा एका मंडपात बसले. सुरतेची फूट सांधावयास नऊ वर्षे लागली, आणि या काळात राष्ट्राच्या हातून काय निसटले याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडलेला नाही. त्याच १९१६ साली टिळकांवर जामिनाचा तिसरा खटला झाला. तो बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी चालविला आणि हायकोर्टाने टिळकांच्या बाजूने निकाल दिला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्यांनी देह ठेवला.

१९५६ साली मुंबई हायकोर्टात, ज्या दालनात त्यांना शिक्षा झाली तेथेच, त्यांचे स्मारकफलक बसविण्यात आले. अनावरण केले मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छगला यांनी. छगला हेही तरुणपणी मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात घटनाशास्त्राचे प्राध्यापक होते. एका कायद्याच्या अध्यापकाला न्यायासनाने दिलेली शिक्षा चुकीची होती, अशी कबुली त्याच न्यायासनावर बसलेल्या दुसऱ्या अध्यापकाने द्यावी, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. ज्या दंडसंहितेच्या कलमाखाली टिळक तुरुंगात गेले ती १८६० ची संहिताही १ जुलै २०२४ पासून मागे पडली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कायदे बदलतात. कायद्याकडून काय शिकावयाचे हे मात्र बदलत नाही.

आपण महाजन मंडळी. गोमंतकातील आपल्या देवस्थानांच्या सभा १९३३ च्या नियमावलीच्या चौकटीत भरत आल्या आहेत. सभेची सूचना, गणसंख्या, इतिवृत्त, निवडणूक या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत, आणि त्यावरून होणारे वादही नवे नाहीत. देवाच्या दारात भावाभावांत अबोला धरावयास लागला की तो पिढीजात होतो, हेही आपण जाणतो. अशा वेळी सुरतेची ती पेन्सिलीची चिठ्ठी आठवावी. अध्यक्षाच्या जागी जो बसेल त्याने विरोधकाची चिठ्ठी आधी वाचावी, होय की नाही ते स्पष्ट सांगावे, आणि चिटणीसाने ते इतिवृत्तात नोंदवावे. ज्याला बोलावयाचे आहे त्यानेही आपल्या पाठीराख्यांचे हात आवरून मगच व्यासपीठाची पायरी चढावी.

लोकमान्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना वकिलीच्या परीक्षेत उत्तीर्ण करून त्यांच्या पोटापाण्याची सोय केली. त्यांच्या चरित्राने जो वर्ग उघडला त्याला मात्र परीक्षा नाही आणि सुट्टीही नाही. आपण सारे त्या वर्गाचे विद्यार्थी होऊ या, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.